हिमनद्यांचा जमाखर्च

बेंगळूरचा आणि बर्फाचा संबंध काय, असे वाचक सहज विचारतील. तथापि हिमालयातील हिमनद्यांच्या क्षयाचा हिशेब येथील भारतीय विज्ञान संस्थेत मांडला गेला आहे, आणि त्या कामात डॉ. अनिल कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी आहे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात दीर्घकाळ संशोधन करून ते संस्थेच्या दिवेचा हवामानबदल केंद्रात आले. हे केंद्र २००९ साली स्थापन झाले.

उपग्रहाच्या चित्रांवरून हिमनदीची आजची सीमा कळते. क्षय कळण्यास जुनी सीमा लागते. ती भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांनी पुरविली. चिनाब, पार्वती व बास्पा या खोऱ्यांतील ४६६ हिमनद्यांचे १९६२ पासूनचे आकारमान ताडून कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली, बेंगळुराहूनच निघणाऱ्या ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. हिमक्षेत्र २०७७ चौरस किलोमीटरवरून १६२८ वर आले होते. घट सुमारे २१ टक्के. हिमनद्यांची संख्या मात्र वाढली होती, कारण मोठ्या नद्या तुटून त्यांचे तुकडे झाले होते. केवळ संख्येचा रकाना पाहणाऱ्यास ही भरभराटच वाटली असती!

त्याच वर्षी आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या अहवालात, २०३५ पर्यंत हिमालयातील हिमनद्या नाहीशा होण्याचा मोठा संभव आहे, असे विधान आले. २००९ साली आपल्या पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या चर्चापत्राने, क्षयात असाधारण असे काही नाही, असे सुचविले. पहिले विधान निराधार ठरून जानेवारी २०१० मध्ये मागे घेतले गेले; परंतु त्यामुळे दुसरे खरे ठरत नव्हते. शासनाने कोणत्या आधारावर धोरण आखावे, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर मोजणीतच होते. एक चौरस किलोमीटरहून लहान हिमनद्यांनी ३८ टक्के क्षेत्र गमावले होते, तर दहाहून मोठ्यांनी १२ टक्के. २०१४ साली कुलकर्णी व योगेश कार्यकर्ते यांनी हिमालयभरच्या अभ्यासांचा गोषवारा घेतला, तेव्हा चार दशकांतील घट सुमारे १३ टक्के निघाली. २१ आणि १३ या आकड्यांत विरोध नाही. खोरी भिन्न, हिमनद्यांचे आकार भिन्न. एकच आकडा साऱ्या हिमालयास लावणे हीच चूक. लहान हिमनदीच्या ओहोळावर जगणाऱ्या खेड्यावर संकट आधी येते, आणि सरासरीत ते दिसत नाही.

परप्रांती शासनसेवेत असलेल्या आमच्या वाचकांस यातील मर्म सांगावयास नको. १९६२ च्या नकाशांवर रेघ ओढणाऱ्या भूमापकांस हवामानबदलाची वार्ताही नव्हती. त्यांनी नेमलेले काम चोख केले, म्हणूनच पुढच्या पिढीला साक्ष मिळाली. आज आपण करीत असलेली नोंदही उद्या कोणाच्या तरी पुराव्यास लागणार आहे.