वाटाणा, दागिने आणि वर्गणी



१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप भराभर वाढलं. पुढे सिनेमासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, फिल्मही धुतली.

हलत्या चित्रांचं 'ब्लेंडर' हे सॉफ्टवेअर २००२ साली कंपनी बुडाल्यावर अडकलं. जगभरच्या लोकांनी एक लाख युरो वर्गणी जमवून ते सोडवलं. म्हणून आज ते सगळ्यांना मोफत आहे.

औंढा नागनाथच्या आमच्या गटानं त्यावरच छोटी फिल्म करायला घेतलीय. कुणाला दागिने मोडावे लागले नाहीत. मावशींच्या मनगटाला, कोपराला, खांद्याला खुणा चिकटवल्या. त्या जातं ओढतात, कॅमेरा टिपतो, तशीच संगणकातली बाहुली दळते. घरोघरची जाती थांबली. मावशींचा हात तरी नातींना दिसेल.