मुरूम आणि आनुवंशिकता

मुरूम किंवा तारुण्यपीटिका हा त्वचेतील केशकूप आणि त्याला जोडलेल्या तैलग्रंथी यांचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. वयात येताना पुरुषी संप्रेरके वाढतात, ग्रंथींतून जास्त तेल स्रवते, मृत पेशींनी केशकूपाचे तोंड बुजते आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जिवाणूंमुळे दाह वाढतो.

एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांपैकी एकाचा चेहरा नितळ राहतो, दुसऱ्याचा भरून येतो. यामागे जनुकांचा मोठा वाटा आहे. ब्रिटनमध्ये ४५८ एकबीज आणि १,०९९ द्विबीज जुळ्या स्त्रियांच्या जोड्यांच्या अभ्यासात (२००२) मुरमांतील ८१ टक्के तफावत आनुवंशिक घटकांमुळे असल्याचे दिसले. हा आकडा लोकसमूहातील फरकाचा आहे, एकेका मुलाच्या मुरमांची ती वाटणी नव्हे. २०१४ मध्ये तीव्र मुरमांशी टीजीएफबी२, ओव्हीओएल१ आणि एफएसटी या जनुकांजवळच्या जागांचा संबंध आढळला. अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम एकत्र येऊन हा कल घडतो.

जनुकांबरोबर परिस्थितीही महत्त्वाची. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावर तपासलेल्या १,२०० रहिवाशांत एकालाही मुरूम नव्हता. त्यांचा आहार मुख्यतः कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ असा होता.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत मुरूम बरा झाल्यावर काळे डाग अनेक महिने टिकतात. ते घालवण्यासाठी स्टेरॉइडमिश्रित 'गोरेपणाची' मलमे लावली, तर त्वचा पातळ होते आणि मुरूम आणखी उफाळतात.

सांगली भागात मुरमांवर हळदीचा लेप घरोघरी लावला जातो. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करते. मात्र लेप हा मुरमांवरचा सिद्ध उपचार नाही आणि काहींना त्याची ॲलर्जी होते.

आईवडिलांना तीव्र मुरूम आले असतील, तर मुलांच्या पहिल्या पुटकुळ्यांकडे दुर्लक्ष करू नये. लवकर उपचार केल्यास खड्डे पडण्याचा धोका घटतो. ॲडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड ही नेहमीची मलमे आहेत. तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन देतात, पण गर्भात व्यंग निर्माण होत असल्याने गरोदरपणात ते पूर्णपणे वर्ज्य असते. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९६२) आणि कराडचे कृष्णा रुग्णालय ही सांगली-कराड भागातील मोठी उपचारकेंद्रे आहेत.