रांगेतला शहाणा आणि यूलिमिटची गोष्ट

या भागाचं लिखित रूप वाचताय, तर चहा घेऊन बसा. आज एका छोट्याशा कमांडची गोष्ट आहे. तिचं नाव यूलिमिट. युनिक्सच्या काळ्या पडद्यावर ती टाइप केली की एखाद्या प्रोग्रॅमनं किती सीपीयू खायचा, किती मोठी फाइल लिहायची, किती मेमरी अडवायची हे ठरवता येतं. ऐकायला रुक्ष वाटतं ना? पण ही गोष्ट सुरू होते एका चोरीपासून.

साल १९६२, अमेरिकेतलं एमआयटी. तिथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या मंडळींनी सीटीएसएस नावाची सिस्टिम उभी केली होती. कॉम्प्युटर एकच, पण अनेक जण आपापल्या टर्मिनलवर बसून तो एकाच वेळी वापरायचे. वापरकर्त्यांच्या वाट्याला मेमरी किती? ३२ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात दीडशे केबीच्या आतच. आपण सकाळी ग्रुपवर ढकलतो ते गुड मॉर्निंगचे फोटो त्यात मावले नसते. साहजिकच प्रत्येकाला वेळ मोजून मिळायचा. पीएचडी करणाऱ्या अ‍ॅलन शेर यांच्या वाट्याला आठवड्याचे चार तास आले होते आणि त्यांच्या कामाला ते पुरत नव्हते. मग त्यांनी काय करावं? एक पंच कार्ड टाकून सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या खात्यातला वेळ वापरायला लागले. कबुली दिली ती पाव शतकानंतर.

कॉम्प्युटरच्या इतिहासातली पहिली पासवर्डचोरी म्हणून हा किस्सा नेहमी सांगतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शेर यांना कुणाची गुपितं नको होती. त्यांना हवा होता सीपीयूचा वेळ. म्हणजे भांडण पहिल्यापासून वाट्याचं आहे. चाळीतल्या नळाचं असतं ना, तसंच.

आता १९६९ मध्ये येऊ. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहायला घेतलं. सुरुवातीला ते वापरणारी माणसं मोजकी, एकमेकांना ओळखणारी. त्यामुळे युनिक्सनं वाटपाचा प्रश्न आधी कायद्यानं नाही, सभ्यतेनं सोडवला. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत एक कमांड आली, तिचं नावच नाइस. तुमचं काम लांबलचक आहे, पण घाईचं नाही? मग त्याच्या आधी नाइस लिहा. सिस्टिम त्याला मागे ठेवते आणि इतरांना पुढे जाऊ देते. आकडा जितका मोठा तितके तुम्ही जास्त नम्र. गंमत अशी की साधा वापरकर्ता हा आकडा फक्त वाढवू शकतो, कमी करण्याचा अधिकार रूटचा. थोडक्यात, नम्र व्हायला परवानगी लागत नाही, उर्मट व्हायला लागते.

पण रांगेत एखादा तरी शहाणा असतोच. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबरच्या मॅन्युअलमध्ये स्वतः रिची यांचा सुरक्षेवर एक छोटा लेख आहे. त्यात त्यांनी सरळ मान्य केलंय की युनिक्सची सगळ्यात कमकुवत बाजू म्हणजे कुणी संसाधनं संपवून सिस्टिम पाडायचं ठरवलं तर त्याला अडवणं. उदाहरणही दिलंय. एक डिरेक्टरी बनवा, तिच्यात शिरा, आत पुन्हा डिरेक्टरी बनवा, आणि हेच करत राहा. एका ओळीचं लूप. डिस्क तरी भरते नाहीतर फाइलींच्या नोंदी ठेवायची जागा तरी संपते, आणि सगळ्यांचंच काम ठप्प. एक बरं होतं, एका माणसाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त प्रोसेस एकाच वेळी चालवता येत नव्हत्या. स्वतःच्या पोराचे दोष इतक्या मोकळेपणानं सांगणारा बाप विरळाच.

तोवर युनिक्स विद्यापीठांमध्ये पोहोचलं होतं. एका मशीनवर अनेक विद्यार्थी, प्रत्येकाचा सी भाषेतला अर्धवट शिकलेला प्रोग्रॅम, आणि त्यातलं एक न थांबणारं लूप. बर्कलीच्या बीएसडीनं यावर खरं उत्तर दिलं. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये सेटआरलिमिट हा सिस्टिम कॉल आला. सीपीयूचा वेळ, फाइलचा आकार, डेटा, स्टॅक, कोर फाइल, प्रत्यक्ष मेमरी, प्रत्येकाला वेगळी मर्यादा. आणि प्रत्येक मर्यादेचे आकडे दोन: सॉफ्ट आणि हार्ड. सॉफ्ट आकडा तुम्ही हवा तसा खालीवर करू शकता, पण हार्डच्या पुढे नाही. हार्ड एकदा खाली आणला की परत वर नेणं साध्या वापरकर्त्याच्या हातात नसतं. सीपीयूचा वेळ संपला की प्रोसेसला सिग्नल येतो. तो ऐकून आवराआवर करायची सोय प्रोग्रॅममध्ये असेल तर ठीक, नाहीतर कारभार तिथेच आटोपतो.

एटी अँड टीच्या युनिक्समध्ये यूलिमिट नावाचा कॉल होता तो मुख्यतः फाइलच्या आकारापुरता. पुढे शेलमध्ये नाव राहिलं यूलिमिट, आणि आतलं काम आलं बीएसडीचं. दोन घराण्यांची सोयरीक म्हणा.

इथे एक बारकी गोष्ट सांगतो, ती कळली की युनिक्स निम्मं कळलं. यूलिमिट ही वेगळी प्रोग्रॅम फाइल नाही, ती शेलच्या पोटातच असते. का? कारण युनिक्समध्ये मर्यादा वारशानं मिळते. आई प्रोसेसकडून मुलाकडे येते, मुलाकडून आईकडे कधीच जात नाही. यूलिमिट जर वेगळा प्रोग्रॅम असता तर तो शेलचं मूल म्हणून जन्मला असता, स्वतःवर मर्यादा घालून घेतली असती आणि लगेच मेला असता. शेल जसं होतं तसंच. म्हणून शेलनं स्वतःलाच बांधून घ्यायचं, मग त्यानंतर जन्मणारं प्रत्येक काम आपोआप बांधलेलं. डिरेक्टरी बदलणारी सीडी कमांड शेलच्या आत असते त्याचंही कारण हेच.

मग सगळं सुरळीत झालं का? २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस यानं इंटरनेटवर एक वर्म सोडला. त्यानं फाइली पुसल्या नाहीत. पण एकाच मशीनवर तो पुन्हा पुन्हा शिरत गेला, प्रोसेसवर प्रोसेस जन्मत गेल्या आणि मशीन इतकी दमली की लोकांना साधं कामही करता येईना. १९८३ च्या यादीत "प्रोसेस किती" हा रकाना नव्हता. ती संख्या कर्नलमध्येच ठरवून ठेवलेली असायची. ४.४ बीएसडी १९९३ मध्ये आलं, त्याच्या यादीत तो रकाना दिसतो.

एक भोक मात्र उरलंच. मेमरीची मर्यादा एकेका प्रोसेसला असते. प्रोसेसला १०० एमबी ठरवले आणि त्यानं पन्नास पोरं काढली तर? प्रत्येक जण नियमात, आणि पंगत उपाशी. यावर २००६ मध्ये गूगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी काम सुरू केलं. मर्यादा एकट्याला नाही, अख्ख्या कुटुंबाला. तेच सीग्रुप्स, जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ मध्ये आले. त्यातला मेमरीचा हिशेब ठेवणारा भाग बलबीर सिंग यांचा. आयबीएमच्या भारतातल्या लिनक्स टीममधला हा माणूस, पण आपल्याकडे त्याचं नाव कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

आणि आता तुमच्या हातातला फोन. तो तुमच्या एकट्याचा आहे, बरोबर? लिनक्सला विचाराल तर नाही. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा यूजर आयडी देतं. बँकेचं अ‍ॅप एक माणूस, गेम दुसरा, रील्सवालं तिसरं, आणि कुणाचा कुणावर विश्वास नाही. एमआयटीतली ती गर्दी खिशात आली म्हणा ना! २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, जी१ मध्ये, रॅम होती १९२ एमबी आणि एका अ‍ॅपच्या जावा हीपला १६ एमबी. त्याहून जास्त मागितलं की अ‍ॅप कोसळलं. आणि सगळ्यांची मिळूनच मेमरी कमी पडली तर अँड्रॉइड आधी त्यांना मारतं जे तुमच्या नजरेआड आहेत. गेममधून उठून ओटीपी बघायला गेलात, परत आलात तर गेम पहिल्यापासून सुरू, हे त्यामुळेच. राग येतो, पण तेवढ्यात जो फोन येत होता तो वाजला ना?

करून बघायचं असेल तर टर्मक्स अ‍ॅप घ्या, यूलिमिट लिहा, पुढे एक जागा, हायफन आणि छोटा ए. समोर एक तक्ता येईल. त्यातले सीपीयू, फाइल, डेटा, स्टॅक आणि कोर हे शब्द शोधा. १९८३ चेच आहेत. काय आकडे आले ते आम्हाला कळवा, भेटू पुढच्या भागात!