लाल खोक्यावर तुमचं नाव

साल २००६. पीसीएमटीच्या बसमधून तुम्ही सांगवी फाट्याला उतरता. भोसरीच्या कंपनीतली पहिली पाळी आज बुडाली. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, पॅन्ट कंबरेला ढिली. औंध उरो रुग्णालयातले डॉक्टर छाती तपासतात, पण आजाराचं नाव घेत नाहीत. चिठ्ठी लिहून प्रयोगशाळेच्या खिडकीकडे धाडतात.

“दादा, लाळ नको. खोल श्वास घ्या, आतून खोकून बेडका द्या,” तंत्रज्ञ डबी पुढे करतात. एक नमुना आत्ता, दुसरा उद्या उठल्याउठल्या घरी, तिसरा तो आणून देताना. काचपट्टीवर लाल रंग ओतून खालून वाफ निघेपर्यंत ज्योत फिरवतात, मग आम्लाने धुतात, वर निळा रंग. क्षयाचा जंतू आम्लालाही दाद देत नाही, लालच राहतो. सूक्ष्मदर्शकात निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. आता डॉक्टर आजाराचं नाव सांगतात.

यंदाच्या मार्चमध्ये डॉट्स, म्हणजे कुणाच्या तरी नजरेसमोर क्षयाची औषधं घ्यायची पद्धत, देशभर पोचलीय. तुमच्या नावाचं लाल खोकं निघतं, पूर्ण उपचाराची औषधं त्यात. ते राहणार तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीताईंकडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्यांच्यासमोर सात गोळ्या. “लघवी केशरी होईल, घाबरू नका,” ताई आधीच सांगतात. हे कुणी सांगितलं नसतं, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी गोळ्या सोडल्या असत्या.

कुणाच्या नजरेसमोर गोळ्या गिळायच्या, याचा तुम्हाला कमीपणा वाटतो. तो वाटणं मुळीच चूक नाही.

पाळी बदलते आणि एक बुधवार चुकतो. कार्डावरची चौकट रिकामी. गुरुवारी उपचार पर्यवेक्षकांची मोटारसायकल दारात. ते रागवत नाहीत, पाळ्यांचं वेळापत्रक विचारतात, चुकलेल्या गोळ्या त्याच दिवशी द्यायला लावतात. ताई वेळ बदलून देतात. डॉक्टरांनी औषध अचूक लिहिलं होतं, पण तुमची पाळी कधी सुटते हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. क्षयाच्या उपचारात मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही माहिती, आणि ती वस्तीतूनच यावी लागते.

दोन महिन्यांनी पुन्हा बेडका. लाल काड्या नाहीत. डॉक्टर पुढचा टप्पा लिहितात: अजून चार महिने, आठवड्याची एक मात्रा ताईंसमोर, बाकीच्या घरी, रिकामी पाकिटं परत आणायची. कार्डाच्या कडेला ताईंनी तुमच्या पुढच्या रात्रपाळीच्या तारखा आधीच लिहून ठेवल्यात.