बी-२७५ चा पितळी रेडिएटर : झाळावा का बदलावा



तूर निघाली, रान मोकळं झालं, म्हणून मागच्या आठवड्यात नांगर जोडला. तिसऱ्या तासाला काटा लाल पट्टीत. बघतो तर रेडिएटरच्या जाळीतून हिरवट पाण्याची धार गळत होती. जागेवर बंद केला म्हणून हेड वाचलं. ट्रॅक्टर १९८४ चा. आमच्या वडिलांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतलेला. पोरगा म्हणाला, "आबा, आता ॲल्युमिनियमचा नवा टाका, किती वेळा झाळत बसायचं?" माझं मन होईना. मनाचं राहू द्या, हिशोब तरी नीट करू म्हणून चार दिवस या रेडिएटरच्या मागं लागलो. त्यातून जे कळलं ते इथं लिहितो.

आधी एक साधा प्रश्न. लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. त्याला कुठं रेडिएटर होता? पंपाच्या पाइपातून बारीक नळी काढून इंजिनाला पाणी दिलेलं असायचं. आतून फिरून ते कोमट होऊन पाटात पडायचं, आणि थंडीत आम्ही पोरं त्याच पाण्यानं हातपाय धुवायचो. विहीर उशाला असल्यावर पाण्याचा तोटा कसला? पण ट्रॅक्टर रानात फिरतो, विहीर काही त्याच्या मागं येत नाही. म्हणून तेच दहा-बारा लिटर पाणी पुन्हा पुन्हा गार करून वापरावं लागतं. डिझेल जाळून जी उष्णता होते त्यातली ढोबळ एक तृतीयांश कामाला लागते, तेवढीच सायलेन्सरमधून जाते, आणि उरलेल्यातली बरीचशी पाण्यानं बाहेर काढायची असते. हे काम त्या जाळीचं.

ही जाळी जर्मनीतल्या विल्हेल्म मायबाख या माणसाच्या डोक्यातली. आधीच्या गाड्यांना पाणी फार लागायचं. मायबाखने १९०० साली ३५ हॉर्सपॉवरच्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या, आणि नऊ लिटर पाण्यात इंजिन गार राहू लागलं. आपल्या जाळीची घडण वेगळी आहे. उभ्या चपट्या नळ्यांतून पाणी जातं आणि मधल्या पातळ पापुद्र्यांतून वारा जातो. पण युक्ती तीच, पाण्याला जास्तीत जास्त वारा दाखवायचा.

ट्रॅक्टरमध्ये मोठी उडी फोर्डसनची. हेन्री फोर्डने १९१७ मध्ये तो मोठ्या संख्येनं काढायला सुरुवात केली. त्याला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरायचं, त्यावरच चाललेलं. चुलीवरच्या भगुन्यात पाणी कसं उलथंपालथं होतं तसंच. पण पाणी थोडं जरी कमी झालं आणि वरच्या नळीचं तोंड उघडं पडलं की फिरणं बंद. आपल्याकडं पंप आहे, झाकणात दाबाची स्प्रिंग आहे. सात पौंडाचं झाकण असेल तर पाणी शंभराला न उकळता ११०-११२ अंशांपर्यंत थांबतं. दहा वेळा झाळूनही गाडी तापत असेल तर आधी हे झाकण बघा. रबर वाळलेलं असतं. मीही एकदा उगाच जाळी उतरवली होती, दोष निघाला झाकणात.

बी-२७५ मूळचा इंग्लंडचा. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं ब्रॅडफर्डला जोवेट मोटारींचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथं हा ट्रॅक्टर १९५८ पासून निघू लागला. आपल्या देशात तोवर ट्रॅक्टर बहुतेक बाहेरूनच यायचे. १९४९ मध्ये भारतानं जागतिक बँकेकडून शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, ते मुख्यतः कांस माजलेली रानं मोडायला लागणाऱ्या यंत्रांसाठी. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशर निघाला. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि बी-२७५ मुंबईत कांदिवलीला बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. म्हणजे इंग्लंडच्या थंड, ओल्या रानासाठी आखलेला ट्रॅक्टर आपल्या चैत्रातल्या उन्हात नांगर ओढतोय. त्याची जाळी स्वच्छ असणं किती गरजेचं आहे ते यावरूनच समजा.

आता धातूकडं येतो. जुना रेडिएटर म्हणजे पितळी नळ्या, तांब्याचे पापुद्रे, वर-खाली पितळी टाक्या, आणि सगळं कथील-शिशाच्या झाळीनं जोडलेलं. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा दीडपटीहून जास्त उष्णता वाहतं. तरी जग ॲल्युमिनियमकडं का गेलं? तांबं महाग आणि जड. १९७० नंतर मोटारींत ॲल्युमिनियम शिरलं आणि टाक्या प्लॅस्टिकच्या झाल्या. आणि खरं सांगायचं तर कामात ते कमी नाही. त्याच्या नळ्या रुंद करता येतात आणि पापुद्रे नळीला पक्के वितळवून बसवलेले असतात. पितळात मधे झाळ येते, ती उष्णता नीट वाहत नाही. तेव्हा "पितळ म्हणजे सोनं" हा नुसता अभिमान झाला.

फरक पडतो तो बिघडल्यावर. पितळ तालुक्याच्या गावात झाळून मिळतं. ॲल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं, आणि प्लॅस्टिकच्या टाकीला चीर गेली तर बहुधा रामराम. शिवाय आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. त्यानं पितळी नळीत चुना धरतो, तर ॲल्युमिनियमला टोचल्यासारखी भोकं पडतात.

जाळी घेऊन मिस्तरीकडं गेलो. त्याचे वडील भांड्यांना कल्हई करायचे, हा रेडिएटर करतो. भट्टीवर वरची टाकी सोडवली आणि एकेका नळीत पातळ पट्टी घालू लागला. अकरा नळ्या आधीच्याच दुरुस्त्यांत बंद केलेल्या. उरलेल्यांपैकी निम्म्यात पट्टी अर्ध्यावर अडकली. काहींतून पिवळा चिखल निघाला. ती हळद. गळती थांबवायला मीच दोन साली टाकलेली. गळती थांबली होती हे खरं, पण चांगल्या नळ्याही तिनंच बुजवल्या. ट्रकवाले ही युक्ती सांगतात ती घर गाठण्यापुरती, हंगाम काढायला नाही.

मग त्यानं एक गोष्ट दाखवली. खालच्या बाजूच्या काही नळ्यांना केसासारख्या उभ्या चिरा होत्या. झिजलेल्या नव्हत्या, फाटल्यासारख्या. मला आठवलं ते इंग्रजांच्या फौजेचं. हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा जायच्या. पितळाची कवचं ताणून बनवलेली, तो ताण आत तसाच राहिलेला, त्यात ओल आणि घोड्यांच्या मुताचा अमोनिया. १९२१ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी हे कारण मांडलं. उपाय साधा निघाला, कवच तापवून आतला ताण घालवायचा.

आता माझा ट्रॅक्टर बघा. गेली बारा वर्षं गोठ्याच्या कडेला, तोंड मुताच्या नालीकडं करून उभा. बाजूला युरियाची पोती, त्यातलं एक नेहमी फाटलेलं. शेणामुतात युरिया सांडला की काय वास सुटतो ते आपल्याला सांगायला नको. माझ्या जाळीला चिरा त्यानंच गेल्या असं छातीठोक म्हणत नाही, पण शंका पक्की आहे. झाळताना वापरतात तो नवसागरही अमोनियाचाच क्षार. काम झाल्यावर भरपूर पाण्यानं धुवून घ्या, कारागीर घाईत असला तर स्वतः धुवा.

म्हणजे झाळणं निकालात निघालं. एक-दोन भोकं असती आणि बाकी नळ्या मोकळ्या असत्या तर मी झाळूनच घेतला असता. राहिले दोन मार्ग. ॲल्युमिनियमचा अख्खा नवा, किंवा जुन्या पितळी टाक्या ठेवून मधली जाळी तेवढी नवी. मिस्तरीनं सांगितलेल्या दोन्ही खर्चांत फार अंतर नव्हतं, जाळीचा थोडा जास्तच होता. पोरगा पुन्हा म्हणाला, नवा घ्या. पण जो नवा दुकानात होता तो माझ्या फॅनच्या टोपाला आणि खालच्या होजला जुळेना, कान वाकवून बसवावा लागणार होता. आडवा-तिडवा बसवलेला रेडिएटर ढेकळांच्या रानात हादऱ्यानं किती टिकणार? जाळीच बदलली. गाडी दहा वर्षं जुनी असती आणि कंपनीचा जुळणारा मिळाला असता तर मी पोराचं ऐकलं असतं.

बसवताना अजून दोन कामं केली. इंजिनाचं पाणी सोडून आतला गाळ उलट्या धारेनं धुतला, नाहीतर जुनी घाण नव्या जाळीत जाते. आणि कूलंट घातलं. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं मीही वीस वर्षं म्हणत आलो. पण बर्फ हे त्याचं एक काम झालं. गंज आणि क्षार रोखायची औषधं त्यातच असतात. मधे मी हिरवं पाणी घालत होतो ते कूलंट नव्हतंच, रंग होता. मिसळायला बोअरचं पाणी न घेता पत्र्यावरून धरलेलं पावसाचं गाळून घेतलं.

परवा पुन्हा नांगर जोडला. दुपारी दीडला, खालच्या काळ्या तुकड्यात, दुसऱ्या गिअरला. काटा मधल्या रेघेच्या अलीकडंच राहिला. संध्याकाळी पोरगा सवयीनं ट्रॅक्टर गोठ्याकडं वळवायला लागला. त्याला चिंचेखाली लावायला सांगितलं.