युनामिड

युनामिड ही सुदानच्या पश्चिमेकडील दारफुर प्रदेशात आफ्रिकी संघ व संयुक्त राष्ट्रसंघ यांनी संयुक्तपणे चालवलेली शांतिरक्षण मोहीम होती. तिचे मुख्यालय अल-फाशर येथे होते.

पार्श्वभूमी

२००३ मध्ये दारफुरमधील बंडखोर गटांनी सुदान सरकारविरुद्ध शस्त्रे उचलली. सरकारी फौजा व जंजावीद टोळ्यांच्या हल्ल्यांमुळे लाखो नागरिक विस्थापित झाले. २००४ पासून तेथे असलेले आफ्रिकी संघाचे पथक अपुरे ठरले. ऑगस्ट २००६ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १७०६ द्वारे संयुक्त राष्ट्रसंघाची फौज पाठवण्यास मंजुरी दिली. परंतु सुदानने संमती नाकारल्याने ती तैनात होऊ शकली नाही.

तैनाती

संयुक्त फौजेस सुदानने मान्यता दिल्यानंतर ३१ जुलै २००७ रोजी ठराव क्रमांक १७६९ संमत झाला. त्यानुसार १९,५५५ पर्यंत सैनिक व त्याखेरीज पोलीस दल मंजूर झाले, तसेच नागरिकांच्या संरक्षणासाठी बळाचा वापर करण्याचा अधिकार मिळाला. ३१ डिसेंबर २००७ रोजी मोहिमेने सूत्रे स्वीकारली, तेव्हा मंजूर मनुष्यबळापैकी निम्मेही दाखल झाले नव्हते. हेलिकॉप्टरांचा तुटवडा होता. सुदानच्या विरोधामुळे नॉर्वे व स्वीडन यांना आपले संयुक्त अभियांत्रिकी पथक पाठवण्याचा बेत जानेवारी २००८ मध्ये सोडून द्यावा लागला. ८ जुलै २००८ रोजी झालेल्या हल्ल्यात सात शांतिसैनिक ठार झाले.

समाप्ती

३१ डिसेंबर २०२० रोजी मोहिमेची मुदत संपली व नागरिकांच्या संरक्षणाची जबाबदारी सुदान सरकारकडे गेली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानी सैन्य आणि जंजावीदमधूनच उभे राहिलेले रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू झाले. त्यात दारफुरमध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर नागरिकांच्या हत्या झाल्या.