गिगाहर्ट्झची गंमत

जुना लॅपटॉप बदलायचा म्हटलं की 'नवा किती फास्ट?' हा प्रश्न आलाच. २००३ साली त्याचं उत्तर एका आकड्यात मिळायचं: गिगाहर्ट्झ. आणि त्याच वर्षी त्या आकड्याची पार फजिती झाली, तीही खुद्द इंटेलच्या हातून!

नोव्हेंबर २००२ मध्ये डेस्कटॉपच्या पेंटियम ४ ने ३ गिगाहर्ट्झ ओलांडले होते. आकड्याच्या मोहापायी कंपन्या डेस्कटॉपचाच प्रोसेसर लॅपटॉपमध्येही बसवायच्या. परिणाम? जड डबा, मांडी भाजणारा, बॅटरीच्या नावाने शंख. मग मार्च २००३ मध्ये इंटेलच्या इस्राएलमधल्या हैफाच्या टीमचा 'पेंटियम एम' आला. सगळ्यात वरचं मॉडेल जेमतेम १.६ गिगाहर्ट्झचं. म्हणजे नवा लॅपटॉप कागदावर जुन्यापेक्षा हळू! प्रत्यक्षात मात्र बऱ्याच कामांत तो २.४ गिगाहर्ट्झच्या मोबाईल पेंटियम ४ ला भारी पडायचा, आणि बॅटरीही जास्त टिकायची.

हे कसं काय? स्लॅबचं काम आठवा. घमेली हातोहात वर जातात. रांगेत माणसं वाढवली की प्रत्येकाला थोडंच वळावं लागतं, ठेका वाढतो. गिगाहर्ट्झ म्हणजे हा ठेका. पण प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने रांगेत घालतो. अंदाज चुकला की रांगेतली सगळी घमेली ओतून द्यायची आणि पुन्हा सुरुवात. पेंटियम ४ ची रांग २० टप्प्यांची होती. पेंटियम एमची त्याहून आखूड, अंदाज जास्त अचूक, आणि कॅश दुप्पट: १ एमबी.

पेंटियम ४ ने तरी हट्ट सोडला नाही. २००४ च्या प्रेस्कॉटमध्ये रांग ३१ टप्प्यांवर गेली आणि चिप भलतीच तापायला लागली. मे २००४ मध्ये पुढचा 'तेहास' प्रकल्प रद्द झाला, ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ही. त्याच वर्षी इंटेलने प्रोसेसरना मॉडेल नंबर द्यायला सुरुवात केली. नावातला गिगाहर्ट्झ मागे पडला. जुलै २००६ मध्ये आलेला कोअर टू ड्युओ तर पेंटियम एमच्याच वाटेने पुढे गेलेला. लॅपटॉपच्या चिपने डेस्कटॉपचं घर बळकावलं!

पेंटियम ४ गेला, पण आकड्यांची भुरळ आहेच. आता कोअर किती ते मोजतो, इतकंच. तेव्हा नवा लॅपटॉप घेताना आपलं रोजचं काम त्यावर किती वेळात होतं आणि तो किती वीज खातो, एवढं बघा. डब्यावरचा आकडा घमेली मोजत नाही, नुसता ठेका मोजतो.